सहा ओळींचं मोल

‘डायब्लो २’मधली एक अंगठी घेऊ. राक्षस मेला, जमिनीवर अंगठी पडली, नाव पिवळ्या अक्षरांत, म्हणजे ती रेअर. ओळख पटवणारं स्क्रोल वापरलं की तिच्या ओळी उघडतात : मंत्र टाकण्याचा वेग १० टक्क्यांनी जास्त, थोडी ताकद, थोडं आयुष्य, आगीचा आणि विजेचा प्रतिकार. दिसायला साधीच. पण या खेळात सॉर्सरेस या जादूगारणीचा मंत्रवेग सलग वाढत नाही, पायरीपायरीने वाढतो. विजेचे काही मंत्र सोडले, तर ६३ टक्क्यांनंतरची पायरी थेट १०५ वर आहे. मधल्या ६४ ते १०४ या आकड्यांचा काडीचा उपयोग नाही. १०५ गाठले, की मंत्राला नऊऐवजी आठ फ्रेम लागतात. खेळ चालतो सेकंदाला २५ फ्रेमने. अंगावरच्या बाकी वस्तूंची बेरीज ९५ असलेल्या खेळाडूला ही अंगठी म्हणजे घबाड आहे. बेरीज ७० असलेल्याला तिची पहिली ओळ असून नसल्यासारखी. अंगठी मात्र तीच.

ॲक्शन रोल-प्लेइंग खेळांतल्या, म्हणजे एआरपीजींतल्या, रेअर वस्तूची सगळी कला इथे दिसते. फासा ओळी लिहितो, खेळाडू त्या वाचतो आणि आपल्या पात्राची आजची गरज पाहून निवाडा करतो. युनिक किंवा लिजेंडरी वस्तू डिझायनरने हाताने घडवलेली असते. ती कुणाच्या कामी येणार हे त्याने बरंचसं आधीच ठरवलेलं असतं. रेअर वस्तू कुणीच ठरवलेली नसते. तिचा अर्थ खेळाडूने लावायचा. म्हणून मला ती या कलाप्रकाराचा गाभा वाटते, आणि म्हणूनच गेल्या पंचवीस वर्षांत तिची जी आबाळ झाली तिची नीट झडती घ्यायला हवी. पुढे काय व्हावं हे त्यावरच ठरणार आहे.

१९९६च्या अखेरीस आलेल्या पहिल्या ‘डायब्लो’त पिवळी वस्तू नव्हती. डेव्हिड ब्रेव्हिक आणि एरिक व मॅक्स शेफर हे बंधू यांच्या चमूने ‘मोरिया’ आणि ‘अँगबँड’ या अक्षरी भुयारखेळांकडून फासे टाकून वस्तू घडवण्याची पद्धत उचलली. निळ्या, म्हणजे जादुई, वस्तूला फार तर दोन गुण : एक नावाच्या आधी, एक नावानंतर. त्यात शापित गुणही असत, त्यामुळे न ओळखलेली तलवार हातात घेताना धाकधूक असे. २००० साली ‘डायब्लो २’ने पिवळी रेअर आणली. तीन आधीचे आणि तीन नंतरचे असे जास्तीत जास्त सहा गुण, आणि वर दोन शब्द जोडून केलेलं भीतिदायक नाव. दोनावरून सहावर जाणं हा फक्त आकड्यांचा खेळ नव्हता. दोन गुणांत वस्तू चांगली की वाईट एवढंच कळतं. सहा गुणांत तिला स्वभाव येतो : चार ओळी मनासारख्या, एक निरुपयोगी, आणि एक अशी की तिच्यासाठी आख्खं पात्र वेगळ्या तऱ्हेने बांधायचा मोह व्हावा.

रेअरवर पहिला घाव याच खेळात पडला, असं माझं मत आहे. दोष बहुतेक जण ‘डायब्लो ३’ला देतात, पण सुरुवात २००३च्या १.१० या पॅचने झाली. रूनवर्ड त्याआधीच, २००१च्या ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ या विस्तारात आले होते. छिद्रं असलेल्या वस्तूत ठरलेल्या क्रमाने रून, म्हणजे मंत्राक्षरांचे खडे, बसवले की ठरलेली वस्तू तयार. १.१०ने त्यांना अफाट बळ दिलं. जाह, इथ आणि बेर हे तीन रून तीन छिद्रांच्या चिलखतात बसवले की ‘एनिग्मा’ होतं, आणि ते कुठल्याही पात्राला टेलिपोर्ट देतं. मग चिलखताच्या जागी पिवळं काही घालायचं कारणच उरलं नाही. त्यात रूनवर्ड फक्त साध्या, जादू नसलेल्या वस्तूंतच बनतात. त्यामुळे जाणकार खेळाडू राखाडी अक्षरांवर नजर ठेवून पिवळ्या अक्षरांवरून पुढे जाऊ लागले. इथे निवाड्याची जागा पाककृतीने घेतली. एनिग्मा कुणाचंही असो, जवळपास सारखंच. अंगठ्या, हातमोजे, मुकुट आणि ज्वेल यांत मात्र रेअर तगून राहिली, कारण तिथे तिच्या तोडीचा रूनवर्डच नव्हता. आजही या खेळाचे जुने चाहते रेअरबद्दल जिव्हाळ्याने बोलतात ते या उरलेल्या जागांमुळेच.

‘डायब्लो ३’ मे २०१२मध्ये आला तो लिलावघर घेऊन : सोन्याचं एक आणि, पुढच्याच महिन्यात, खऱ्या पैशांचं दुसरं. त्या वेळी रेअर वस्तू खेळाच्या केंद्रस्थानी होती, हे आज अनेकांना आठवणार नाही. सुरुवातीच्या लिजेंडरी इतक्या दुबळ्या होत्या की सहा चांगल्या ओळींची पिवळी वस्तू त्यांच्या वरचढ ठरे. तरीही रेअरचा आनंद त्या खेळात नव्हता. कारण लिलावघरामुळे खेळाडूच्या समोर पडणाऱ्या वस्तूची स्पर्धा त्याच्या अंगावरच्या वस्तूशी राहिली नाही. ती साऱ्या सर्व्हरवर पडणाऱ्या वस्तूंशी लागली. लाखो लोक राक्षस मारत असताना प्रत्येक प्रकारची उत्तम वस्तू कुणा ना कुणाला मिळतेच, आणि ती तासाभरात विक्रीला येते. हे जाणून डिझायनरने वस्तू पडण्याचं प्रमाण ठेवायचं तर ते सगळ्या गर्दीच्या हिशेबाने. मग एकट्या माणसाच्या वाट्याला उरते रद्दी. शूर योद्धा भुयारात उतरतो, परत येतो आणि बाजारात जाऊन तलवार विकत घेतो, ही या प्रकाराची शोकांतिका होती. खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्डलाही ते मान्य करावं लागलं. १८ मार्च २०१४ रोजी दोन्ही लिलावघरं बंद झाली.

त्याआधी तीनेक आठवडे आलेल्या ‘लूट २.०’ या नव्या पद्धतीने वस्तू कमी आणि पात्राला साजेशा पडतील अशी सोय केली. ते योग्यच होतं. पण त्याच झपाट्यात ‘रीपर ऑफ सोल्स’ या विस्ताराने सगळा भार लिजेंडरी आणि सेट वस्तूंवर टाकला. पुढे पुढे सेटचे सहा भाग घातले की शत्रूला होणारी इजा हजारो टक्क्यांनी वाढे. अशा गुणाकारापुढे कुठल्या पिवळ्या वस्तूचा निभाव लागणार? रेअर मोडीत काढून मिळणारा कच्चा माल एवढाच तिचा उपयोग राहिला. आणि लिजेंडरी प्रत्येक लढाईत पडू लागल्यावर तीही स्वस्त झाली. मग एन्शंट आली, मग प्रायमल एन्शंट. रंगांची ही महागाई अनेक खेळांनी नंतर गिरवली. दुर्मीळता टिकत नाही म्हणून तिच्यावर नवा रंग चढवायचा, आणि तो विटला की आणखी एक.

न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या ग्राइंडिंग गिअर गेम्सचा ‘पाथ ऑफ एक्झाइल’ याच्या नेमक्या उलट दिशेने गेला. २०१३मध्ये आलेल्या या खेळात सोनं ठेवलंच नव्हतं. चलन म्हणजे वस्तू बदलणारे ऑर्ब. ऑर्ब ऑफ अल्केमी साध्या वस्तूला रेअर करतो, केऑस ऑर्ब रेअरच्या सगळ्या ओळी पुसून नव्या लिहितो, एक्झॉल्टेड ऑर्ब एक ओळ वाढवतो. पैसा खर्चायचा की वस्तूवर वापरायचा, हा प्रश्न सतत समोर. या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी कल्पना आहे, असं मी आजही म्हणेन. आणि इथे रेअर खरोखरच राजा आहे. बहुतेक ताकदवान पात्रांच्या अंगावर निम्म्याहून अधिक वस्तू पिवळ्या असतात.

तरीही या खेळात जमिनीवर पडलेल्या रेअरची अवस्था वाईट आहे. एका नकाशात इतक्या वस्तू पडतात की त्या लपवण्यासाठी फिल्टर लावावा लागतो. नेव्हरसिंक या खेळाडूने बनवलेला फिल्टर तर जवळजवळ सगळेच वापरतात. शेवटच्या टप्प्यात तो बहुतांश पिवळ्या वस्तू पडद्यावर येऊच देत नाही. ज्या खेळाचा प्राण रेअर वस्तू, त्यातच रेअर वस्तू नजरेआड करून खेळावं लागतं. कारण उघड आहे. प्रत्येक जागेसाठी गुणांचा साठा प्रचंड, प्रत्येक गुणाच्या अनेक पायऱ्या, आणि सहाही ओळी उपयोगी व उंच पायरीच्या येण्याची शक्यता नगण्य. दुसरीकडे एसेन्स, फॉसिल अशी कारागिरीची साधनं वर्षागणिक वाढत गेली. ‘आपण घडवू ते उत्तम’ हे एकदा पक्कं झालं, की ‘आपल्याला सापडेल ते’ कोण वाचणार?

जून २०२०च्या ‘हार्वेस्ट’ लीगने, म्हणजे या खेळाच्या ठरावीक काळाच्या नव्या पर्वाने, हा पेच टोकाला नेला. बागेत पेरणी करायची, उगवलेले राक्षस मारायचे, आणि मग वस्तूवरची विशिष्ट प्रकारची ओळ काढून त्याच प्रकारची दुसरी घालायची. नशिबाचा वाटा कमालीचा घटला. खेळाडूंना ते मनापासून आवडलं. साध्या खेळाडूलाही पहिल्यांदाच स्वप्नातली वस्तू घडवता आली. २०२१मध्ये कंपनीने त्यातले सर्वांत निर्णायक पर्याय काढून घेतले. तिचा युक्तिवाद असा, की इतकी खात्रीची कारागिरी पडलेल्या वस्तूंची किंमतच संपवते. त्यावर मोठा गदारोळ झाला. माझ्या मते निदान बरोबर होतं आणि उपचार अर्धवट. कारागिरीची धार बोथट केली, पण पडणाऱ्या रेअरला काहीच दिलं नाही. खेळाडूच्या हातून हक्काचं काहीतरी गेलं आणि बदल्यात भुयारात काही नवं सापडलं नाही, तर तो चिडणारच.

त्याच खेळात एक धागा होता जो अधिक ओढायला हवा होता. मार्च २०१९च्या ‘सिंथेसिस’ लीगमध्ये फ्रॅक्चर्ड वस्तू आल्या. त्यांच्यावरची एखादी ओळ कायमची गोठलेली असते. केऑस ऑर्ब मारा, एसेन्स वापरा, ती हलत नाही. उंच पायरीची एक गोठलेली ओळ असलेलं धनुष्य सापडलं, की कारागिरी त्या शोधापासून सुरू होते. सापडणं आणि घडवणं यांच्यातलं वैर इथे मिटतं. भविष्याची किल्ली मला इथे दिसते.

ही किल्ली सर्वांत नीट वापरली ती ‘लास्ट इपॉक’ने. इलेव्हन्थ अवर गेम्सचा हा खेळ २०१९पासून अर्ली ॲक्सेसमध्ये होता आणि फेब्रुवारी २०२४मध्ये पूर्ण झाला. तेव्हा त्यात गुणांच्या सात पायऱ्या होत्या. खेळाडूला हाताने पाचव्या पायरीपर्यंत नेता येतं. सहावी आणि सातवी फक्त पडलेल्या वस्तूवरच येते. अशी ओळ असलेल्या वस्तूला एक्झॉल्टेड म्हणतात आणि तिचं नाव जांभळं असतं. हाताने गाठता न येणारं काहीतरी जमिनीवर पडू शकतं, एवढ्या एका नियमाने प्रत्येक ड्रॉपकडे बघण्याची नजर बदलते. दुसरी गोष्ट फोर्जिंग पोटेन्शियल. प्रत्येक वस्तूत घडवण्याची ठरावीक पुंजी असते, प्रत्येक बदल त्यातली थोडी खातो, किती खाईल ते फासा ठरवतो. पुंजी संपली की काम थांबतं, वस्तू मात्र शाबूत राहते. त्यांच्या सुरुवातीच्या पद्धतीत अस्थिरता वाढत जाऊन वस्तू तडकत असे. ती सोडून त्यांनी ही स्वीकारली, यात डिझायनरांचा प्रांजळपणा दिसतो. हाव धरणाऱ्याला शिक्षा करण्यापेक्षा ‘हातातल्या पुंजीत काय साधेल?’ असं विचारणं केव्हाही बरं.

तिथलं टेम्पोरल सँक्टम हे भुयार तर आवर्जून अभ्यासावं. लिजेंडरी पोटेन्शियल असलेली युनिक वस्तू आणि त्याच जातीची, चार गुणांची एक्झॉल्टेड वस्तू घेऊन आत जायचं. बॉसला हरवलं की दोन्ही एक होतात. पोटेन्शियल दोन असेल तर चारपैकी कुठलेही दोन गुण युनिकवर चढतात. कुठले, ते खेळाडूच्या हातात नाही. पण चारही गुण उपयोगी असलेली वस्तू शोधून आणणं त्याच्या हातात आहे. डिझायनरने लिहिलेली वस्तू आणि फाशाने लिहिलेली वस्तू इथे एकमेकींच्या कामी येतात. लिजेंडरीमुळे रेअर मरते, हे आपण वीस वर्षं गृहीत धरलं होतं. तसं असायची गरज नाही.

बाजाराचा प्रश्नही या खेळाने धिटाईने हाताळला. खेळाडूने दोन गटांतला एक निवडायचा. मर्चंट्स गिल्डमध्ये गेलात तर खरेदी-विक्री करा. सर्कल ऑफ फॉर्च्यूनमध्ये गेलात तर बाजार विसरा, पण तुमच्यापुढे वस्तू अधिक आणि चांगल्या पडतील. गर्दीसाठी एक प्रमाण, एकट्यासाठी दुसरं. ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्येही एकट्याने, व्यापाराविना खेळायची सोय आहे, पण तिथे त्याला जास्तीचं काहीच पडत नाही, फक्त वाट अवघड होते. तो अभिमानाचा बिल्ला आहे, डिझाइन नव्हे.

‘डायब्लो ४’बद्दल थोडक्यात. जून २०२३मध्ये तो आला तेव्हा लिजेंडरीची शक्ती काढून चांगल्या रेअरवर छापता येत असे, म्हणजे पिवळी वस्तू पुन्हा वाचावी लागे. कल्पना उत्तम होती. ओळी मात्र कंटाळवाण्या होत्या : जवळच्या शत्रूंना जास्त इजा, दूरच्यांना जास्त, अमुक अवस्थेतल्यांना जास्त. वाचून थकवा यावा, निर्णय काहीच होऊ नये. मे २०२४च्या चौथ्या सीझनने हा पसारा आवरला, टेम्परिंग आणि मास्टरवर्किंग ही कारागिरीची तंत्रं आणली, आणि दीडपट मूल्याच्या ओळीला, म्हणजे ग्रेटर ॲफिक्सला, तारा दिला. खेळ सुटसुटीत झाला, यात शंका नाही. पण नजर आता ओळींवर जात नाही, ताऱ्यांवर जाते. रेअर तर खालच्या इयत्तेत ढकलली गेली.

डिसेंबर २०२४मध्ये अर्ली ॲक्सेसला आलेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल २’कडून माझ्या अपेक्षा सर्वांत जास्त होत्या, आणि काही पुऱ्याही झाल्या. तिथला केऑस ऑर्ब सगळं पुसत नाही. एक ओळ काढतो, एक घालतो. सगळं मिटवून पहिल्यापासून सुरुवात करायची मुभा जवळपास नाही. त्यामुळे वस्तूला इतिहास येतो. तीन ओळी मनासारख्या पडल्या, चौथी वाईट निघाली, आता थांबायचं की धोका पत्करायचा, हा प्रश्न पहिल्या काही तासांतही पडतो. तेवढ्यापुरता हा खेळ ‘डायब्लो २’च्या जवळ जातो. पण शेवटच्या टप्प्यात जुनं दुखणं परततं : जमिनीवरच्या पिवळ्या वस्तूंचा ढीग, वर फिल्टर, आणि शेजारी बाजार. ऑगस्ट २०२५पासून विक्रेता हजर नसतानाही वस्तू विकत घेता येऊ लागली. सोय म्हणून ती सुखावह आहे. व्यापारासाठी लागणारी खटपट संपली, अनोळखी माणसाच्या उत्तराची वाट बघणं संपलं. पण खटपट हाच बाजाराला असलेला शेवटचा बांध होता. तो गेल्यावर पडणाऱ्या वस्तूंचं प्रमाण पुन्हा तपासायला हवं. नाहीतर २०१२चं लिलावघर दुसऱ्या दाराने आत येतं.

या सगळ्या मोठ्या नावांच्या गर्दीत मला एक लहान चमू वारंवार आठवतो. क्रेट एंटरटेनमेंटचा ‘ग्रिम डॉन’ २०१६चा. त्यातले मॉन्स्टर इन्फ्रीक्वेंट, म्हणजे ठरावीक राक्षसाकडेच मिळणारी वस्तू. ही रीत २००६च्या ‘टायटन क्वेस्ट’पासूनची. सलाझार नावाचा खलपुरुष मेला तरच त्याची सॉव्हरिन ब्लेड पडू शकते. तलवारीचा मूळ गुण ठरलेला, पण तिच्या नावाच्या मागे-पुढे लागणारे गुण फाशाचे. दोन्ही गुण रेअर निघाले तर खेळाडू तिला ‘डबल रेअर’ म्हणतात आणि तिच्यासाठी त्याच राक्षसाला पुन्हा पुन्हा गाठतात. इथे वस्तूला गाव आहे, मालक आहे. ती कुठून आली हे सांगता येतं. आपण कुणाचा पाठलाग करतोय हे खेळाडूला माहीत असतं, आणि काय मिळेल हे माहीत नसतं. निश्चित आणि अनिश्चित यांची इतकी नेटकी वाटणी मोठ्या खेळांत मला दिसलेली नाही. शिवाय हा खेळ इंटरनेटशिवाय एकट्याने खेळता येतो, त्यामुळे बाजाराची सावली त्यावर पडतच नाही.

भविष्याबद्दल बोलायचं, तर नव्या रंगांनी, मोठ्या आकड्यांनी किंवा आणखी दहा ऑर्बनी रेअर वाचणार नाही. वस्तू कमी पडाव्यात आणि पडलेल्या प्रत्येकीत वाचण्याजोगं काही असावं. हाताने कधीच गाठता येणार नाही असा निदान एक अंश फक्त भुयारात सापडावा. कारागिरीला शेवट असावा. राक्षसाचा आणि वस्तूचा संबंध दिसावा, आणि जो बाजारात जात नाही त्याच्यासाठी वेगळं प्रमाण ठेवावं. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या खेळात चालून दाखवलेली आहे. एकाच खेळात त्या सगळ्या आणण्याची हिंमत अजून कुणी केलेली नाही. अडचण धंद्याची आहे. दर तीन-चार महिन्यांनी नवा सीझन विकायचा, तर प्रत्येक वेळी वस्तूंचा वर्षाव वाढवणं सोपं पडतं. कमी देऊन खेळाडूला खिळवून ठेवणं अवघड, आणि त्याला ओळींचा, आकड्यांचा, पायऱ्यांचा पुन्हा पहिल्यापासून विचार करणारे डिझायनर लागतात.

‘डायब्लो २’मधल्या वेगाच्या पायऱ्यांबद्दल मला शेवटी एवढंच म्हणायचंय, की ती कल्पना नवीन डिझायनरांनी जुनाट म्हणून टाकून दिली, ही चूक झाली. सलग वाढणाऱ्या आकड्यांत ११ टक्के नेहमीच १० टक्क्यांपेक्षा चांगले, मग निवाडा कसला करायचा? उंबरठे असले की तीच ओळ एकाला सोनं आणि दुसऱ्याला माती ठरते. पिवळी वस्तू वाचावीशी वाटते ती त्यामुळे.

वाचकांपैकी जे हे खेळ खेळतात त्यांना एक विनंती. पुढच्या सीझनला तयार फिल्टर उतरवून घेण्याआधी पहिले काही दिवस तो लावू नका. पिवळ्या वस्तू उचला, उघडा, वाचा, भाव बघायच्या आधी स्वतः ठरवा. आणि ज्या खेळात त्या वाचण्याजोग्या नसतील, त्याच्या निर्मात्यांना अभिप्रायात तसं स्पष्ट लिहा. हे चमू खेळाडूंचं ऐकतात. लिलावघर बंद झालं ते त्यामुळेच.